किलीमांजारो ट्रेक: परत परत विचारले जाणारे प्रश्न

किलीमांजारोला मी दोनदा गेलोय, एकदा टोकावर पोचलो आणि एकदा साडेपाच हजार मीटरच्या आसपासून तोंड पाडून परत आलो. तेव्हापासून ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे, असे कुणी ना कुणी प्रश्न पाठवत असतात आणि बहुतेक प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. सगळं वाचायला वेळ नसेल तर प्रश्न ३ तेवढा वाचा, बाकीचं पुढेमागे चालेल.

१. किलीमांजारो नक्की आहे कुठे, आणि दोर वगैरे लावून चढावं लागतं का?

टांझानियाच्या उत्तरेला, केनियाच्या सीमेजवळ. आफ्रिकेतला सगळ्यात उंच डोंगर, उंची ५८९५ मीटर. नंतरच्या जीपीएस मोजणीत दोन-चार मीटर कमी भरली पण टोकावरच्या पाटीवर अजून ५८९५च आहे आणि सगळे तोच आकडा सांगतात. हा मुळात ज्वालामुखी, त्याची तीन तोंडं: शिरा, मावेंझी आणि किबो. आपण जातो ते किबोवर, आणि त्याच्या कड्यावरचं सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे उहुरू पीक. उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य. आधी जर्मन राजवटीत त्याला कैसरचं नाव होतं, १९६१ला देश स्वतंत्र झाला आणि नाव बदललं.

दोर, बर्फातली कुऱ्हाड, क्रॅम्पॉन यातलं नेहमीच्या रूटवर काही लागत नाही. चालायचंच आहे, पण उंचीवर चालायचंय, आणि खरी अडचण तीच आहे.

२. गाइडशिवाय, आपलं आपण जाता येतं का? पैसे वाचतील.

नाही. १९९१पासून परवानाधारक गाइड सक्तीचा आहे आणि परमिटही नोंदणी असलेल्या कंपनीमार्फतच निघतं. गेटवर पासपोर्ट नंबर, वय, व्यवसाय सगळं रजिस्टरात लिहावं लागतं, पुढे प्रत्येक कॅम्पवरही सही असते. गुपचूप घुसायचा विचारही करू नका.

३. पाच दिवसांचं पॅकेज आहे, सहाचं आहे, आठचंही आहे. टोक तर तेच, मग कमी दिवसांचं का नको?

मला कुणी एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारावा, आणि नेमका हाच सगळ्यात कमी विचारला जातो. लोक बूट कुठले घेऊ म्हणून दहा मेसेज करतात आणि दिवस मात्र रजा किती शिल्लक आहे त्यावरून ठरवतात.

होतं काय की वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, २१ टक्के, पण हवेचा दाबच कमी असतो. उहुरूवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला निम्मा माल. शरीर याला जुळवून घेतं, श्वास जोरात चालतो, मग त्यामुळे रक्ताचा समतोल बिघडतो तो किडनी हळूहळू सावरते, आणि या सगळ्याला दिवस लागतात, तास नाही. तुम्ही मॅरेथॉन पळत असाल तरी किडनीला ते माहीत नसतं. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं असा डॉक्टरांचा साधारण नियम आहे, आणि किलीमांजारोचं सात दिवसांचं नेहमीचं वेळापत्रकसुद्धा हा नियम मोडतंच, मग पाच दिवसांच्या पॅकेजात काय होत असेल बघा.

मारांगू रूटचं पाच दिवसांचं घेतलं तर पहिली रात्र २७२०वर, दुसरी ३७२०वर, तिसऱ्या दिवशी थेट ४७२०ला किबो हटवर आणि त्याच रात्री टोकाकडे. चौथ्या पहाटे तुम्ही ५८९५ला असायचं! आपला कळसूबाई १६४६ मीटर, मारांगू रूटचं गेटच त्याच्यापेक्षा उंचावर आहे, एवढं डोक्यात ठेवलं तरी पुरे.

मी पहिल्यांदा सहा दिवसांचं घेतलं होतं, एक दिवस वाचवला, आणि बरांको कॅम्पनंतर कारांगा कॅम्पला न थांबता त्याच दिवशी टोकाआधीच्या शेवटच्या कॅम्पला, बराफूला गेलो, चार तास कशीबशी झोप, आणि रात्री निघाल्यावर दोन वाजता उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्यांदा आठ दिवस, तोच मी, वयाने तीन वर्षं मोठा आणि तेव्हाच्यापेक्षा कमी फिट, आणि सहज म्हणणार नाही पण नीट पोचलो.

तर माझं मत, सात दिवस ही किमान मर्यादा समजा, आठ असतील तर उत्तम. पैसे कमी असतील तर एक वर्ष थांबा पण दिवस कापू नका.

४. कुठला रूट घ्यावा? मारांगूला हट असतात म्हणे, मग तंबूत का झोपायचं?

मारांगूला लाकडी हट असतात, बंक बेड असतात, हे खरं आहे. त्याला कोकाकोला रूट म्हणतात. पण चढायचा-उतरायचा रस्ता एकच आणि चढ सारखा वरच जातो, त्यामुळे 'दिवसा उंच चढा, रात्री खाली येऊन झोपा' हे तिथे फारसं जमत नाही. घ्यायचाच असेल तर वाटेतल्या होरोम्बो हटवर, म्हणजे ३७२०ला, एक जास्तीची रात्र असलेला सहा दिवसांचा घ्या.

माचामे, म्हणजे व्हिस्की रूट, सगळ्यात गर्दीचा पण वेळापत्रक चांगलं. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरला ४६०० मीटरच्या वर जाऊन जेवायचं आणि झोपायला परत खाली बरांकोला ३९६०च्या आसपास यायचं. त्या दिवशी सगळ्यांचं डोकं दुखतं आणि सगळे म्हणतात हा दिवस फुकट गेला, एवढं चढलो आणि उतरलो. तो अजिबात फुकट नसतो, पुढे टोकावर तोच कामी येतो.

लेमोशो पश्चिमेकडून येतो, जास्त लांब आणि पहिले दोन दिवस शांत, पुढे माचामेलाच मिळतो. माझी पसंती आठ दिवसांचा लेमोशो. नॉर्दर्न सर्किट सगळ्यात लांब, डोंगराला उत्तरेकडून वळसा घालतो, रजा आणि पैसे दोन्ही असतील तर तो. रोंगाई केनियाच्या बाजूने, तिकडे पाऊस कमी म्हणून ओल्या महिन्यांत बरा. उम्ब्वे उभा चढ आहे, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तिकडे बघू नये.

वेगवेगळ्या ठिकाणी कॅम्पच्या उंचीचे वेगवेगळे आकडे दिसतील, पाट्यांवरसुद्धा. पाच-पन्नास मीटर इकडेतिकडे, त्यावर डोकं लावत बसू नका.

५. कधी जावं?

जानेवारी ते मार्चची सुरुवात, किंवा जून ते ऑक्टोबर. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत मोठा पाऊस आणि नोव्हेंबरच्या आसपास छोटा. जुलै-ऑगस्टमध्ये आकाश चांगलं पण गर्दी फार. पौर्णिमेच्या आसपासची तारीख मिळाली तर समिटच्या रात्री हेडलॅम्प जवळजवळ लागतच नाही, आम्हाला मिळाली होती, पण त्या तारखांना गर्दीही जास्त असते.

६. एवढा खर्च का येतो? एका कंपनीने अर्ध्या किमतीत देतो म्हटलंय.

हिशोब करून बघू. परदेशी प्रौढ माणसाला पार्कची फी दिवसाला ७० डॉलर, कॅम्पिंग रात्रीला ५० डॉलर, रेस्क्यू फी ट्रिपला २० डॉलर, आणि त्यावर १८ टक्के व्हॅट. सात दिवस, सहा रात्री म्हणजे ४९० अधिक ३०० अधिक २०, झाले ८१०, व्हॅट धरून साडेनऊशेच्या वर. हे फक्त सरकारला गेले. दर बदलतात म्हणून निघताना ताजे बघून घ्या, पण अंदाज यावरून येतो.

आता यात एका ट्रेकरमागे साधारण तीन-चार माणसं काम करतात, गाइड, स्वयंपाकी, पोर्टर, त्यांचा पगार, सगळ्यांचं जेवण, तंबू, गाडी. म्हणजे कुणी सात दिवसांचं बारा-तेराशे डॉलरला देत असेल तर विचारा की बाबा उरलेल्या तीनशेत हे सगळं कसं बसवतोस? तो बसवतो पोर्टरच्या पोटातून, दुसरं कुठून बसणार. माझ्या पहिल्या ट्रेकला असंच झालं, नाव घेत नाही, पण आमच्यातला एक पोर्टर शिवण उसवलेल्या कॅनव्हासच्या बुटांत बराफूपर्यंत आला होता आणि आम्ही मात्र गोरटेक्स घालून थंडी वाजते म्हणत होतो. अजून लाज वाटते.

कंपनी निवडताना एक विचारा: किलीमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्टची पार्टनर आहे का? ही संस्था पोर्टरचा पगार, जेवण, झोपायची सोय यावर लक्ष ठेवते. टिपचं प्रश्न १४मध्ये लिहिलंय, ती या खर्चात धरलेली नसते.

७. फिटनेस किती लागतो? मी जिमला जात नाही.

रोज सहा-सात तास हळू चालता आलं पाहिजे, सलग आठवडाभर, पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन. त्यासाठी जिमपेक्षा जिने आणि डोंगर बरे. तीन-चार महिने आधीपासून आठवड्यातून तीन-चारदा चाला, आणि शनिवार-रविवार लागोपाठ दोन दिवस चढ-उतार करा, कारण थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा निघणं हाच खरा सराव. उतरायचाही करा, ते का ते शेवटच्या प्रश्नात.

आणि एक, फिट लोकच जास्त अडकतात. त्यांना हळू चालवत नाही. गाइड दिवसभर 'पोले पोले' म्हणजे हळूहळू म्हणत राहतो, पहिल्या दिवशी हसू येतं कारण इतकं हळू चालणं खोटं वाटतं. तिसऱ्या दिवशी कळतं.

८. उंचीचा त्रास म्हणजे नक्की काय होतं? साधी डोकेदुखी आणि धोक्याची डोकेदुखी कशी ओळखायची?

डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं, थकवा, गरगरणं, याला ट्रेकर एएमएस म्हणतात आणि थोडं थोडं बहुतेकांना होतं. पाणी पिऊन, साधी गोळी घेऊन, रात्रभर थांबून कमी झालं तर पुढे जाता येतं. त्रास वाढत असेल तर वर जायचं नाही, आणि थांबूनही कमी होत नसेल तर खाली. यात वाद नाही.

खरे धोके दोन. मेंदूला सूज येते तेव्हा माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो, साध्या गोष्टी जमत नाहीत. त्याला सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालायला सांगा, नाही जमलं तर उजाडायची वाट बघू नका, तेव्हाच उतरवा. दुसरं फुफ्फुसात पाणी होणं, बसल्या जागी धाप, खोकला, छातीत घरघर, कधी गुलाबी फेस. दोन्हीत जीव जातो, आणि दोन्हीत औषध म्हणजे खाली उतरणं, ऑक्सिजन वगैरे सोबतीला.

चांगला गाइड रोज सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावतो आणि प्रश्न विचारतो. त्याच्याशी खोटं बोलू नका! खाली पाठवतील म्हणून लोक डोकेदुखी लपवतात, आणि ऑक्सिमीटरच्या आकड्यावरून एकमेकांत स्पर्धा लावतात, माझे ८८ तुझे ८१. एकट्या आकड्याला अर्थ नाही, बोटं गार असली तरी तो चुकतो. तुम्हाला कसं वाटतंय ते महत्त्वाचं.

९. डायमॉक्स घ्यावी का?

डॉक्टरला विचारून. गोळीचं खरं नाव असेटाझोलामाइड, उंचीचा त्रास होऊ नये म्हणून प्रौढांना साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सांगतात, चढायच्या आदल्या दिवसापासून. प्रश्न ३मध्ये जे किडनीचं काम लिहिलं त्याला ती हातभार लावते, म्हणजे लक्षणं झाकत नाही, खरंच मदत करते. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, सोडा किंवा कोल्ड्रिंकची चव विचित्र लागते आणि लघवीला सारखं जावं लागतं, रात्री दोन वाजता उणे तापमानात तंबूची चेन उघडून, हे लक्षात ठेवा. घरी असतानाच दोन दिवस घेऊन बघा म्हणजे तिथे मुंग्या आल्या की घाबरायला होत नाही.

गोळी घेतली म्हणून दिवस कमी करता येत नाहीत. हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं, उत्तर नाहीच आहे.

१०. समिटला मध्यरात्रीच का निघतात? दिवसा नाही का जाता येत?

कारणं बरीच आहेत. वरच्या उतारावर मुरमाड भुसभुशीत खडी आहे, रात्री ती थंडीने गोठून जरा घट्ट असते, दिवसा दोन पावलं पुढे एक मागे. सकाळी आकाश मोकळं असतं, दुपारी ढग चढतात. आणि टोकावरून त्याच दिवशी खूप खाली उतरायचं असतं, त्याला उजेड पाहिजे. मला वाटतं अजून एक कारण आहे, समोर किती चढ उरलाय ते अंधारात दिसत नाही, दिसलं असतं तर अर्धे लोक निघालेच नसते.

बराफूहून रात्री अकरा-बाराला निघायचं, वर बाराशे मीटर चढ, सहा ते आठ तास. समोरच्याच्या बुटाच्या टाचा आणि हेडलॅम्पचा गोल एवढंच जग. पहाटे चार-पाचला सगळ्यात वाईट, थंडी हाडात शिरते आणि झोप येते, उभ्या उभ्या. मग मावेंझीच्या मागून लाल रेघ दिसते आणि काय होतं कळत नाही पण पाय चालायला लागतात. स्टेला पॉइंटला, ५७५०च्या आसपास, कड्यावर पोचता, लोक तिथे रडतात, आणि तिथून उहुरू अजून पाऊण-एक तास सौम्य चढावर आहे. टोकावर दहा-पंधरा मिनिटं. फोटो, पाणी, खाली.

११. बरांको वॉलचे व्हिडिओ बघून पोटात गोळा आलाय. उंचीची भीती आहे, जमेल का?

जमेल. अडीचशे मीटरच्या आसपासची कातळभिंत आहे, लांबून उभी दिसते पण जवळ गेल्यावर वाट आहे, मधे मधे हात वापरावे लागतात इतकंच. एके ठिकाणी खडकाला अंगाशी घट्ट धरून वळसा घ्यावा लागतो, तिथे गाइड पाय कुठे ठेवायचा ते सांगतो. काठ्या सॅकला बांधून टाका, हात मोकळे पाहिजेत. आणि पोर्टर आले की आतल्या बाजूला सरकून वाट द्या, ते डोक्यावर टेबल घेऊन तुमच्यापुढे जातात. मला तर सगळ्या ट्रेकमधला हा सगळ्यात मजेचा तास वाटला.

१२. सामान काय काय लागतं? सगळं विकत घेऊ का?

नको, डोंगराच्या पायथ्याच्या मोशी गावात भाड्याने बरंच मिळतं, डाऊन जॅकेट, स्लीपिंग बॅग, काठ्या. बूट मात्र स्वतःचे आणि वापरून मऊ केलेले, आणि ते विमानात पायात घालून जा, बॅग हरवली तर बाकी सगळं मिळेल पण तुमच्या पायाला बसलेले बूट मिळणार नाहीत.

खाली जंगलात घाम येतो आणि वर उणे दहा, वारा असेल तर त्याहून बरंच गार लागतं. म्हणून एक जाड कपडा न घेता थर घ्या: थर्मल, फ्लीस, डाऊन, वर वारा-पाऊस अडवणारं. कॉटन नको, ओलं झालं की वाळत नाही. बोटं एकत्र राहतात तसले जाड मिटन, बालाक्लाव्हा, चांगला गॉगल, सनस्क्रीन. डफेल बॅग १५ किलोच्या आत, कारण पोर्टरच्या ओझ्यावर २० किलोची मर्यादा आहे आणि गेटवर खरंच काट्यावर लावतात.

दोन छोट्या गोष्टी. हेडलॅम्पचे सेल आणि फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, थंडीत बॅटरी बसते. आणि समिटच्या रात्री पाण्याची बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा, बर्फ वरून धरायला लागतो त्यामुळे झाकणाकडचं पाणी पातळ राहतं. नळीवाली बॅग त्या रात्री गोठते, माझी पहिल्या तासातच गोठली. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या पार्कात चालत नाहीत, आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१९पासून देशभरच बंदी आहे, विमानतळापासूनच सांभाळा.

१३. शाकाहारी आहे, उपाशी राहीन का? पाण्याचं आणि टॉयलेटचं काय?

उपाशी राहणार नाही. बुकिंग करतानाच सांगा आणि पहिल्या दिवशी स्वयंपाक्याला स्वतः भेटून पुन्हा सांगा. सकाळी लापशी, अंड्याऐवजी पॅनकेक, दुपारी-रात्री सूप, भात, बटाटे, भाजी, चहासोबत पॉपकॉर्न. सूप रोज असतं आणि वर गेल्यावर तेवढंच घशाखाली उतरतं. चौथ्या दिवसापासून भूकच मरते, तेव्हा घरचं काहीतरी चटपटीत जवळ ठेवा.

पाणी ओढ्यांचं, उकळून किंवा गाळून देतात, दिवसाला तीन-चार लिटर प्या. बराफूला पाणी नाही, कारांगाच्या दरीतून पोर्टर डोक्यावर वाहून आणतात, तिथे तोंड धुवायला पाणी मागताना हे आठवा.

टॉयलेट म्हणजे कॅम्पवरची खड्ड्यावरची लाकडी खोपटी, वासाबद्दल न बोललेलं बरं. थोडे जास्त पैसे दिले की कंपनी छोटा टॉयलेट तंबू देते, पाच-सहा जणांत वाटून घेतला तर मला तो अजिबात चैनीचा वाटत नाही. पाळीबद्दल बऱ्याच जणी विचारतात. पाळीमुळे चढाईला अडचण येत नाही, फक्त उंचीवर तारीख मागेपुढे होऊ शकते म्हणून सामान जवळ ठेवा, आणि वापरलेलं पिशवीत बांधून खाली आणायचं.

१४. टिप द्यावीच लागते का? किती?

द्यावी लागते, नियम म्हणून नाही पण तिथल्या उत्पन्नाचा तो भाग धरलेला आहे. साधारण पद्धत अशी की सगळ्या ग्रुपने मिळून दिवसाला मुख्य गाइडला २० ते २५ डॉलर, सहायक गाइडला १५ ते २०, स्वयंपाक्याला १२ ते १५ आणि प्रत्येक पोर्टरला ६ ते १०. माणशी दोन-तीनशे डॉलर बाजूला ठेवा. सगळा गठ्ठा मुख्य गाइडच्या हातात देऊन मोकळं होऊ नका, सगळ्यांसमोर कुणाला किती ते मोठ्याने सांगा किंवा ज्याच्या त्याच्या हातात द्या. डॉलरच्या नोटा २००६नंतरच्या आणि न फाटलेल्या, जुन्या घेत नाहीत.

१५. व्हिसा, यलो फीवर, विमा?

व्हिसा ऑनलाइन निघतो, भारतीय पासपोर्टवर साधा टुरिस्ट व्हिसा ५० डॉलर. यलो फीवरचं सर्टिफिकेट हा आजार असलेल्या देशातून येत असाल तर लागतं, किंवा अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांच्या वर थांबलात तर. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणाऱ्यांनी घेऊनच टाका, निघायच्या किमान दहा दिवस आधी, एकदा घेतलं की आयुष्यभर चालतं. मोशीत मलेरियाचे डास आहेत, डोंगरावर वर गेल्यावर नाहीत, त्याच्या गोळीचंही डॉक्टरला विचारा.

विम्यात ६००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर दोन्ही लिहिलेलं हवं, नुसता ट्रॅव्हल इन्शुरन्स बऱ्याचदा तीन-चार हजार मीटरलाच थांबतो. बारीक अक्षरं वाचा.

१६. फोनला रेंज असते का?

तुकड्या-तुकड्यांनी, हो. २०२२मध्ये होरोम्बोला इंटरनेटही आणलंय. चार्जिंगसाठी पॉवरबँक. घरच्यांना सांगून ठेवा की दोन दिवस फोन नाही आला तर काळजी करू नका.

१७. मुलीला नेऊ का, दहाची आहे? आणि वडील, वय ६६, शुगर आहे?

टोकापर्यंतच्या परमिटला किमान वय दहा. पण लहान मूल डोकं कसं दुखतंय ते नीट सांगू शकत नाही, मी तरी तेरा-चौदापर्यंत थांबेन. वरची मर्यादा नाही, ऐंशीच्या पुढच्या लोकांनीही चढलंय. शुगर असेल तर आधी डॉक्टर, आणि इन्सुलिन गोठू नये म्हणून अंगाशी ठेवायचं, थंडीत आणि उंचीवर ग्लुकोमीटर चुकीचं दाखवू शकतो हेही लक्षात ठेवायचं. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार असेल तर माझ्या उत्तरावर विसंबू नका.

१८. ग्रुपमधला एक जण आजारी पडला तर सगळ्यांना उतरावं लागतं का? आणि लवकर उतरलो तर पैसे परत मिळतात का?

सगळ्यांना नाही, एक सहायक गाइड त्याला घेऊन खाली जातो आणि बाकीचे पुढे. म्हणून बुकिंगच्या वेळी विचारा की समिटच्या रात्री किती ट्रेकरमागे एक गाइड. दोन-तिघांमागे एक असावा. तुम्ही दोघंच असाल आणि गाइड एकच असेल तर एकाचं डोकं दुखलं की दोघांचा ट्रेक संपला.

पैसे साधारणपणे परत मिळत नाहीत, फी आधीच भरलेली असते. उलट खाली हॉटेलच्या जास्तीच्या रात्रींचे तुमचेच जातात. मला हे माहीत नव्हतं, मी मोशीत दोन रात्री स्वतःच्या पैशाने केळी खात बसलो होतो.

१९. स्टेला पॉइंटपर्यंतच गेलो तर सर्टिफिकेट मिळतं का?

मिळतं, त्यावर स्टेला लिहिलेलं असतं. मारांगूवरून गेलात तर गिलमन्स पॉइंटचं, ५६८५ मीटर. उहुरूचं वेगळं. मुख्य गाइडची सही लागते, आणि तो खोटी सही करणार नाही, परवाना जातो त्याचा.

२०. वेस्टर्न ब्रीचने जवळ पडतं म्हणे, तिकडून जाऊ का?

जवळ पडतं, पण वरून दगड पडतात. २००६च्या जानेवारीत तिथे दगड कोसळून तीन अमेरिकन ट्रेकर गेले, रूट बंद झाला, नंतर पुन्हा उघडला. बऱ्याच कंपन्या आजही तिकडून नेत नाहीत. हेल्मेट घालून जायची वाट पहिल्या ट्रेकला कशाला?

२१. वर बर्फ उरलाय का? काही वर्षांत सगळा जाणार म्हणतात, म्हणून घाई करू का?

१९१२पासून बघितलं तर हिमनद्यांचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग गेलाय. तरी स्टेलावरून उहुरूकडे जाताना डाव्या हाताला अजून बर्फाची भिंत उभी दिसते, निळसर, आणि ती बघून मला आनंद व्हायच्या ऐवजी आजारी माणसाला भेटायला गेल्यासारखं वाटलं. घाई करायची तर तारखेची करा, दिवसांची नको, प्रश्न ३.

२२. टोकावर पोचलो की संपलं ना?

नाही हो, अर्धंच झालं. टोकावरून त्याच दिवशी बराफूला, तास-दोन तास आडवं पडून पुढे म्वेका कॅम्पला ३१००च्या आसपास, म्हणजे रात्रभर जागून बाराशे मीटर चढल्यावर सलग अठ्ठावीसशे मीटर उतार. गुडघे बोलायला लागतात, बोटं बुटाच्या टोकावर आपटतात. काठ्या उतारासाठी लांब करून घ्या, पुढच्या लेस घट्ट बांधा म्हणजे पाय आत सरकत नाही. आणि निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं अगदी बारीक कापा. मी कापली नव्हती, दोन्ही अंगठ्यांची काळी पडली आणि नवीन यायला आठ महिने लागले.